पोट ऐकणारे नाना

नाना झांबऱ्यांना माणसं चेहऱ्यावरून ओळखता येत नसत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ते चष्मा नाकावर वरखाली करत, ओशाळं हसत, आणि आपली ओळख पटलेली नाही हे समोरच्याला लगेच कळे. मग तो माणूस इकडेतिकडे बघून सदरा चार बोटं वर उचलायचा. खाली टाक्यांची जुनी खूण दिसली की नानांचा चेहरा खुलायचा. ‘‘अरे, तू तर एरंडोलचं अपेंडिक्स. मग, कसं चाललंय?’’

धुळ्याला एका लग्नात मी हे भर पंगतीत पाहिलं आहे. नवरीचे मामा, अंगात कोट, डोक्याला फेटा, असा भारदस्त माणूस आग्रह करत करत नानांच्या पानापाशी आला. ‘‘डॉक्टर, ओळखलं का?’’ नानांनी ओळखलं नाही. मामा बिचारे दुखावले. जिलबीचं ताट बाजूला ठेवून त्यांनी कोटाची बटणं काढली, सदरा वर केला आणि बेंबीच्या वरची उभी रेघ दाखवली. नाना पानावरून अर्धे उठले. ‘‘फुटलेला अल्सर. शिरपूर. त्या दिवशी थिएटरमधला पंखा बंद पडला होता.’’ मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. समोरच्या पंगतीतले दोघे हात धुऊन आपापले सदरे सैल करायला लागले, तेव्हा मी ताक मागवलं आणि खाली मान घालून जेवण संपवलं.

मी नानांकडे भूल द्यायला जात असे. शहाऐंशी साली नवऱ्याची बँकेतली बदली जळगावला झाली आणि सांगलीकडची मी त्या उन्हात येऊन पडले. शहरातल्या चारपाच दवाखान्यांत माझी बॅग घेऊन मी फिरायची. मी शिस्तीची आहे. घरात याला तापटपणा म्हणतात. ऑपरेशन नवाचं असेल तर मी पावणेनवाला पोचते आणि रोग्याच्या पोटात रात्रीपासून पाण्याचा थेंब गेलेला मला चालत नाही. नाना माझ्या बरोबर उलटे. मूळचे यावलकडचे, केळीवाल्या घरातले, पन्नाशी ओलांडलेले, बुटके आणि गोल. सगळ्या जिल्ह्याच्या पोटांची काळजी वाहणाऱ्या या माणसाचं स्वतःचं पोट इतकं सुटलेलं होतं की ऑपरेशनच्या टेबलापासून ते वीतभर लांबच उभे राहत आणि हात पुढे करून काम करत. नवाचं ऑपरेशन साडेदहाला सुरू होई, कारण त्याआधी त्यांचा राउंड असे.

त्या राउंडचं काय सांगू. पोट उघडून शिवलं की आतडी दोनतीन दिवस रुसून बसतात. ती पुन्हा कामाला लागली याची पहिली खबर म्हणजे वारा सरकणं. हे आमच्या पुस्तकांतही आहे, पण पुस्तकं ते जरा हळू आवाजात सांगतात. नाना वॉर्डच्या दारातूनच विचारायचे, ‘‘वारा सरकला का?’’ यावल-रावेरच्या लोकांना त्यांच्या बोलीत, धरणगाव-अमळनेरच्या लोकांना अहिराणीत, व्यापाऱ्यांना हिंदीत. ज्याचा सरकला असेल त्याच्या नातेवाइकांत आनंदीआनंद. ज्याचा नसेल तो परीक्षेत नापास झाल्यासारखा भिंतीकडे तोंड करून पडायचा.

एकदा मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका पित्ताशयाच्या खड्यांसाठी दाखल होत्या. कडक बाई. तिसऱ्या दिवशी नानांनी दारातून प्रश्न टाकला आणि बाईंनी डोळे मिटून घेतले. चौथ्या दिवशीही तेच. नाना हैराण झाले, कारण उत्तर आल्याशिवाय ते चमचाभर पाणीही द्यायचे नाहीत. शेवटी पाचव्या दिवशी बाईंनी सिस्टरकडून एक घडी घातलेली चिठ्ठी पाठवली. आत ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘होय. पहाटे.’ खाली सही. नानांनी ती चिठ्ठी केसपेपरला टाचून ठेवली आणि पुढे कितीतरी दिवस लाजऱ्या रोग्यांना नमुना म्हणून दाखवली.

पण राउंडमधला खरा भाग याच्या पुढचा होता. नाना स्टूल ओढून खाटेशी बसायचे, दोन्ही हात एकमेकांवर चोळून गरम करायचे, मग स्टेथोस्कोप पोटावर ठेवून डोळे मिटायचे. आमच्यातले बहुतेक जण छाती ऐकतात, पोटावर नळी टेकवल्यासारखी करतात आणि पुढे जातात. नाना पाचपाच मिनिटं ऐकत. त्या वेळात वॉर्डात कुणी भांडं वाजवलं तर सिस्टर त्याला बाहेर काढत. मी एकदा वैतागून विचारलं, ‘‘एवढं काय ऐकता हो नाना?’’

‘‘पोट म्हणजे भाजीबाजार, ताई,’’ ते म्हणाले. ‘‘आरडाओरडा चालू आहे तोवर काळजी नाही. भर बाजाराच्या दिवशी शुकशुकाट झाला तर मात्र पळायचं.’’

‘गॅस’ या निदानावर त्यांचा दात होता. कुणी रोगी ‘आधीच्या डॉक्टरांनी गॅस सांगितला’ असं म्हणाला की नाना तोंड वाकडं करून म्हणत, ‘‘गॅस सिलिंडरमध्ये असतो. तुझ्या पोटात काय आहे ते सांग.’’ आणि आतड्यांशी ते अहोजाहो बोलत. खरंच. टेबलाच्या डोक्याच्या बाजूला मी बसलेली असे आणि हिरव्या कापडापलीकडून त्यांचं चाललेलं असे, ‘‘या, या बाहेर. घाबरू नका. जरा सरकून घ्या.’’ एवढा आदर ते जिवंत माणसांना देत नसत. मी विचारल्यावर म्हणाले, ‘‘माणूस रुसला तर समजूत काढता येते. ही मंडळी रुसली तर कुणाला पाठवणार?’’

या सगळ्याला मी हसायची. घरी जाऊन नकलाही करायची. सुखदेव आला तेव्हा मात्र हे हसू बंद झालं.

सुखदेव धरणगावकडचा, एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी चढवणारा हमाल. तिशीचा, अंगाने दणकट, बोलायला कमी. गाठी भरताना ट्रकचा मागचा फाळका सुटला आणि तो जाडजूड लाकडी फाळका त्याच्या पोटावर आडवा आदळला. कातडीवर साधा ओरखडा नव्हता. नानांनी त्याला तीन दिवस ठेवून घेतलं, दिवसातून चार वेळा पोट ऐकलं. बाजार नीट भरलेला होता. वारा सरकला, भूक लागली, नाडी चांगली. चौथ्या दिवशी सुखदेव बायकोला म्हणाला, गाठी कोण चढवील, आणि नानांनी त्याला घरी सोडलं. मीही सोडलं असतं. कुणीही सोडलं असतं.

दोन महिन्यांनी तो परत आला. जेवण झालं की पोटात कळ येते, माणूस दुमडून जातो, ओकारी होते, आणि तासाभरात सगळं थांबतं. एसटीने जळगावला येईपर्यंत त्याचं पोट मऊ, चेहरा टवटवीत. एक्स-रे काढला, स्वच्छ. असं तीनदा झालं. मध्ये जिनिंगच्या मालकाने त्याला धुळ्याला एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मनाचं दुखणं आहे म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. हमालीतले सोबती म्हणायला लागले, सुखदेव कामचुकारपणा करतो. हे त्याला दुखण्यापेक्षा जास्त लागलं असावं, कारण तिसऱ्या खेपेला तो नानांना म्हणाला, ‘‘डॉक्टर, मी खोटं नही बोलस.’’

‘‘मग दरवेळी थांबतं कसं?’’ नानांनी विचारलं.

तेव्हा त्याची बायको विमल पदर तोंडाशी धरून म्हणाली, ‘‘आमनी सासू बेंबी बसाडस.’’

आपल्याकडे पोटाला मार बसला, जड उचललं, की बेंबी सरकली म्हणतात. ती जागेवर आणणारी एखादी म्हातारी दर गावात असते. पोटाला तेल लावायचं, चोळायचं, बेंबीवर पेटती पणती ठेवायची आणि वर तांब्या पालथा घालायचा. पणती विझते, तांब्या कातडी ओढून धरतो, आणि बेंबी बसली असं जाहीर होतं. सुखदेवची आई केसरअक्का ही आसपासच्या पाच गावांच्या बेंब्या बसवणारी बाई. मी हे ऐकून जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. नाना मात्र स्टुलावरून उठलेच नाहीत. म्हणाले, ‘‘अक्काला घेऊन या.’’

अक्का आली. सत्तरीची, काटक, हातात तेलाची बाटली. नानांनी तिला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसले आणि विचारलं, ‘‘अक्का, तुमच्या हाताला काय लागतं?’’

अक्काने आधी माझ्याकडे पाहिलं, ही बाई हसणार तर नाही ना अशा नजरेने. मग म्हणाली, ‘‘बेंबी नही शे ती. आठे, डावा आंगे, एक गोया लागस. चोया का गुडगुड करस आन सरकी जास. दर येळे तीच जागा.’’

‘‘गोळा सरकून जातो कुठे?’’

‘‘ते मी कसं सांगू? मना हातखाले भोक शे असं वाटस.’’

नानांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता हे अक्कालाच स्टेथोस्कोप लावतात. मग ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘ताई, फाळक्याने पदर फाटलाय.’’

आतडी पोटात मोकळी नसतात. एका पातळ पडद्याने ती पाठीला बांधलेली असतात आणि त्याच पडद्यातून त्यांना रक्त पोचतं. नाना त्याला पदर म्हणत. त्यांचं म्हणणं असं होतं की मार बसला तेव्हा त्या पदराला भोक पडलं, रक्त फारसं गेलं नाही म्हणून आपल्याला कळलं नाही. आता जेवणानंतर आतडी जोराने हलली की एखादा वेढा त्या भोकातून पलीकडे जातो, अडकतो, अक्का चोळते, तो बाहेर येतो. पोटातल्या पोटात हर्निया. बाहेरून दिसणार काहीच नाही. पण एखाद्या दिवशी वेढा आला नाही बाहेर, तर त्याचं रक्त तुटेल, तो सडेल आणि सुखदेव दोन दिवसांत जाईल.

‘‘मग उघडा पोट,’’ मी म्हणाले.

‘‘कशावर उघडू? पोट मऊ, एक्स-रे साफ. आणि आत काही सापडलं नाही तर धडधाकट हमालाचं पोट फाडून बसलो. तो पुन्हा गाठ उचलू शकेल का?’’ नाना दोन दिवस हाच विचार करत होते. त्यांना कळ आलेली असताना पोट ऐकायचं होतं. आणि मग त्यांना जे सुचलं ते फक्त खानदेशातल्या सर्जनलाच सुचू शकतं.

डिसेंबरचे दिवस. बुधवारी दुपारी बाराला माझं तिथे दुसऱ्या एका सर्जनबरोबर हायड्रोसीलचं ऑपरेशन होतं. जिन्यातच मला भाजलेल्या वांग्याचा वास आला. वॉर्डात गेले तर सुखदेव खाटेवर मांडी घालून बसलेला, समोर ताट. ताटात वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात. वांगी नानांच्या शेतातली, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, हिरवी मिरची ठेचून घातलेली. विमल वाढत होती, अक्का उशाशी बसली होती आणि नाना स्टुलावर बसून आग्रह करत होते, ‘‘घे रे, अजून एक घे. लाजू नको.’’

ज्या दवाखान्यात पाण्याच्या चमच्यासाठी लोक रडायचे, तिथे ही पंगत. मी काही बोलायच्या आत नानांनी हात वर केला. ‘‘अर्धा तास, ताई. कळ येईल, मी ऐकेन, एक्स-रे काढू, अक्का वेढा सोडवेल. रात्रभर उपाशी ठेवू आणि उद्या सकाळी नवाला तुमच्या शिस्तीत ऑपरेशन.’’

मी चिडून हायड्रोसीलकडे निघून गेले.

कळ आली. पाऊण वाजता सुखदेव आडवा झाला आणि गुडघे छातीशी घेऊन विव्हळायला लागला. नानांनी नळी लावली. मी थिएटरमधून बाहेर येते तो त्यांचा चेहरा वाढदिवसाच्या पोरासारखा फुललेला. ‘‘ऐका, ऐका तुम्ही,’’ म्हणून त्यांनी नळी माझ्या कानाला लावली. डाव्या बाजूला चिमुकल्या घुंगरांसारखा बारीक, उंच आवाज येत होता. अडकलेल्या आतड्याचाच आवाज. एक्स-रेतही हवेने फुगलेला वेढा स्पष्ट दिसला. नाना अक्काला म्हणाले, ‘‘झालं आपलं काम. आता लावा हात.’’

अक्काने तेल घेतलं आणि चोळलं. गोळा हलला नाही. तिने पुन्हा चोळलं. पणती लावली, तांब्या ठेवला. सुखदेव तळमळला आणि तांब्या खाली पडून घरंगळत खाटेखाली गेला. तिसऱ्यांदा चोळून अक्काने हात काढून घेतला. ‘‘नही सरकत, भाऊ,’’ ती म्हणाली. इतका वेळ ती नानांना डॉक्टर म्हणत होती.

दोन वाजता नानांनी पुन्हा ऐकलं. बराच वेळ ऐकलं, नळीची जागा बदलून बदलून ऐकलं. मग नळी कानातून काढली आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, ‘‘बाजार उठला.’’

त्या वेळी मला नानांचा जितका राग आला तितका कुणाचाच कधी आला नाही. भूल देताना पोट भरलेलं असेल तर अन्न वर येतं, श्वासनळीत जातं आणि माणूस टेबलावरच गुदमरतो. माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी भीती ही, आणि यांनी ती स्वतःच्या हाताने वाढून, आग्रह करकरून भरवली होती. थिएटरच्या दारात मी त्यांना सांगितलं, ‘‘मी याला भूल देणार नाही.’’

नानांनी मला समजावलं नाही. एवढंच म्हणाले, ‘‘नाही दिलीत तर संध्याकाळपर्यंत आतडं जाईल आणि मागून तो. जेवण मी घातलं. भूल तुम्ही देताय. काही झालं तर बाहेर जाऊन अक्काला मी सांगणार. तुम्ही थिएटरमधून बाहेर येऊ नका.’’

मी नाकातून पोटात नळी घातली आणि भरीत बाहेर ओढायला बसले. मिरचीच्या बियांनी आणि सालांनी नळी तीनदा तुंबली. तिन्ही वेळा मी ती काढून धुतली, पुन्हा घातली आणि खानदेशातल्या मिरचीचा मनसोक्त उद्धार केला. नाना कोपऱ्यात हात धूत उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अन्न वर येऊ नये म्हणून सिस्टरने सुखदेवचा गळा समोरून दाबून धरला, मी औषध दिलं, दुसरी नळी श्वासनळीत सरकवली आणि तिच्याभोवतीचा फुगा फुगवून वाट बंद केली. काही वर आलं नाही. 

पोट उघडलं. अक्काच्या हाताने सांगितलं होतं तिथेच, डावीकडे, पदराला तीन बोटं जातील एवढं भोक होतं. कडा गुळगुळीत, जुन्या. त्यातून हातभर आतडं पलीकडे जाऊन पिळलं होतं. नाना बोलायला लागले, ‘‘या. या बाहेर. गर्दी करू नका, एकेक जण या.’’ त्यांनी भोक हलकेच मोठं केलं आणि वेढा सोडवून घेतला. मी उठून पडद्यावरून पाहिलं. आतडं जांभळासारखं काळंनिळं पडलं होतं.

ते मेलं आहे की जिवंत आहे हे लगेच सांगता येत नाही. गरम सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून वाट बघायची. मी प्राणवायू पूर्ण सोडला. नाना कापडावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. आता ते आतड्याशी बोलत नव्हते. बऱ्याच वेळाने, अगदी हळू, त्यांच्या घरच्या बोलीत म्हणाले, ‘‘माह्यं चुकलं.’’ सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहत राहिले.

दहा मिनिटांनी त्यांनी कापड उघडलं. कडेने गुलाबी रंग आत आत येत होता. मध्ये बोटभर जागा काळीच होती. पुन्हा कापड, पुन्हा दहा मिनिटं. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा तीही जागा लाल झाली आणि सगळ्यांच्या देखत त्या वेढ्यातून एक संथ लाट सरकत गेली. नानांनी भोक शिवलं. प्रत्येक टाका घालताना त्यांचा हात एवढा सावकाश चालला होता की मला ओरडावंसं वाटलं, पण मी ओरडले नाही.

त्यानंतर नानांनी जेवण सोडलं. म्हणजे सकाळी चहा आणि संध्याकाळी एक केळं, एवढंच. ‘तो जेवेल तेव्हा’ एवढं त्यांनी घरी सांगितलं. चार दिवस झाले, सुखदेवचा वारा काही सरकेना. ज्या प्रश्नाने इतकी वर्षं साऱ्या वॉर्डाला छळलं होतं, तो आता नानांनाच छळत होता; दर तासाला जाऊन बसायचे आणि ऐकायचे. पाचव्या दिवशी सकाळी ते खाली एका वकिलांना तपासत होते, तेवढ्यात केसरअक्का न विचारता आत शिरली आणि म्हणाली, ‘‘सरकना, डॉक्टर.’’ अहिराणीत ‘सरकना’ म्हणजे सरकला. नाना वकिलांना सदरा वर केलेल्या अवस्थेत टेबलावर सोडून जिना चढून गेले. वकील अर्धा तास तसेच पडून होते, आणि पुढे हे त्यांनी कोर्टात सगळ्यांना सांगितलं.

सुखदेवला घरी सोडायच्या दिवशी त्याचं सगळं गोत जमलं होतं. नानांनी सगळ्यांना खाटेभोवती उभं केलं आणि सांगितलं, ‘‘मी दोनदा चुकलो. पहिल्यांदा पोटात फाटलेलं असताना याला घरी पाठवलं. दुसऱ्यांदा पोट भरून जेवू घातलं आणि जीव टांगणीला लावला. हा वाचला यात माझी हुशारी नाही.’’

विमलने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘तुमनाच हातनं जेवना म्हणीसन दुखणं सापडनं, डॉक्टरसाहेब.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सुखदेवचे मामा पुढे झाले आणि त्यांनी नानांना टॉवेल, टोपी आणि नारळ दिला. नाना चुकीची कबुली देत होते आणि लोक त्यांचा सत्कार करत होते. टोपी डोक्यावर तिरकी बसलेली, हातात नारळ, तरी ते ‘‘अरे, ऐकून तर घ्या’’ असं म्हणतच होते. माझी हसून पुरेवाट झाली.

सगळे सामान घेऊन खाली गेल्यावर अक्का मागे राहिली. ती नानांच्या स्टुलाजवळ जमिनीवर बसली. ‘‘मी बी घरमा तीन येळे चोयं, भाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘दर येळे माले वाटनं, मना पोऱ्या बरा व्हई गया.’’  दोघं तशीच बसून राहिली, आणि मी बॅग घेऊन निघाले तरी त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. माणसाने आपली चूक सांगावी आणि ती कुणीतरी खरोखर ऐकून घ्यावी, याची किती भूक असते, ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर केसरअक्का मार लागलेल्या पोटाला हात लावेनाशी झाली. थेट एसटीत बसवून द्यायची. आणि नानांनी एक वही केली. बैलाने पाडलेले, फाळका लागलेले, सायकलचा दांडा पोटात बसलेले, बरे होऊन घरी गेलेले सगळे त्यात. दर रविवारी नाना यातल्या एकदोघांच्या गावी जायचे. लोकांची फार पंचाईत होई. बरा झालेला माणूस ओट्यावर बसून दात घासतोय आणि समोर बॅग घेऊन सर्जन. एका गावात तर नाना दिसले म्हणजे कापणार, अशी समजूत झाली आणि एक जण कणगीमागे लपून बसला. नानांनी त्याला बाहेर काढलं, ओट्यावर आडवं केलं, पोट ऐकलं, चहा घेतला आणि परत आले. सोमवारी मला सांगताना म्हणाले, ‘‘उत्तम आहे. कणगीमागे श्वास कोंडून बसला होता, तरी बाजार चालू.’’

शहाण्णव साली आमची बदली नाशिकला झाली. तोवर नानांनी ऑपरेशनं बंद केली होती. डोळ्यांनी दगा दिला होता. निघायच्या आदल्या दिवशी भर दुपारी मी एसटी स्टँडवर कुणाला तरी सोडायला गेले होते, तर साक्रीच्या गाडीत खिडकीशी नाना. मांडीवर बॅग, डोक्याला रुमाल. त्यांनी मला ओळखलं नाही. आवाज ऐकल्यावर ओळखलं.

‘‘कुठे निघालात या उन्हात?’’

‘‘पिंपळनेरला.’’ पिंपळनेर म्हणजे धुळ्याच्या आणि साक्रीच्याही पलीकडे, दिवसभराचा रस्ता. ‘‘एकाला बैलाने पाडलं. तिथल्या डॉक्टरांनी तीन दिवस ठेवून घेतलं आणि घरी सोडलं. पंधरा दिवस झाले.’’

‘‘मग, काही होतंय का त्याला?’’

‘‘छे. पत्र आलंय त्याचं. शेतात जातो, दोन भाकरी खातो. बरा आहे म्हणतो.’’

‘‘मग एवढ्या लांब कशाला जाताय, नाना?’’

गाडी सुरू झाली होती. दहा वर्षं शिकवूनही हिला काही कळलं नाही, अशा नजरेने त्यांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

‘‘बरा आहे म्हणतो, म्हणूनच,’’ ते म्हणाले.